तिसरी हाक

"थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो," जिजाजी म्हणाले.

परतवाडा मागं पडून चिखलदऱ्याचा घाट लागला होता. व्हॅनच्या काचेवर धुकं येऊन चिकटलं होतं आणि वायपर ते नुसतं इकडून तिकडं सारत होता. जिजाजी गाडी चालवत होते, शेजारी बाबा. मधल्या सीटवर आई, मी आणि खिडकीशी ताई. सगळ्यात मागं आत्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी उघडून तयार बसलेली. घाट म्हटला की आत्याला ओकारी ठरलेली.

जिजाजींनी आरशात बघितलं, घसा साफ केला आणि मोठ्यानं हाक मारली, "कुमुद!"

ताई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं पांढरं होतं.

"कुमुद! अगं ए कुमुद!"

ताईची मान वळली नाही. मी तिला कोपरानं ढोसलं, तरी नाही.

"आता बघा हं," जिजाजी म्हणाले, आणि अगदी हळू, इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू यावं असं कुजबुजले, "शर्वरी."

"ओ," ताई ताबडतोब म्हणाली आणि वळली.

बाबा खदाखदा हसले. "वा! पक्की नागपूरची झाली बुवा पोरगी!"

आईही हसली, पण उशिरा. मीही हसले. तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि जिजाजींच्या कुठल्याही विनोदाला हसायची मला सवय होती. देखणे होते, कॉलेजात शिकवायचे, मला येताना नवीकोरी पुस्तकं आणायचे. हसली नाही ती फक्त आत्या. मला वाटलं, मळमळतंय म्हणून.

कुमुद हे ताईचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात जिजाजींनी अंगठीनं 'शर्वरी' असं लिहिलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नाव बदलण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आईचं बदललं होतं, आत्याचंही. पण आईला तिच्या माहेरी सगळे जुन्याच नावानं हाक मारायचे आणि ती लहान पोरीसारखी धावत जायची. ताईचं तसं नव्हतं. नागपंचमीला ती माहेरी आली तेव्हापासून आई 'कुमुद, कुमुद' करून दमली होती. ताई दोन हातांच्या अंतरावर उभी असली तरी ओ द्यायची नाही. "कान गेले का गं तुझे?" म्हणून आई चिडायची, मग समोर जाऊन खांद्याला हात लावायची. हात लावला की ताई दचकायची.

आणि नागपंचमीला आलेली ताई परत जायचं नाव काढेना. आईनं थोडे दिवस वाट पाहिली, मग दार लावून विचारलं. ताईनं काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण आईचं उत्तर कळलं, कारण आईला हळू बोलता येत नाही. "भांड्याला भांडं लागतंच, कुमुद. पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यांचीच अशी जातात. घरी येऊन बसलीस तर मंजूचं लग्न कसं होईल, याचा तरी विचार कर."

मंजू म्हणजे मी. माझ्या लग्नाचा विचार कुणी करावा अशी माझी काही मागणी नव्हती.

मग जिजाजी स्वतःच अमरावतीला आले. रागावून नाही, पेढे घेऊन आले. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. म्हणाले, "सगळेच चला चिखलदऱ्याला. हिचंही मन रमेल. परतताना तुम्हाला परतवाड्याला बसमध्ये बसवून देतो आणि आम्ही तसेच मोर्शीवरून नागपूरला जाऊ." बाबांना तर असा जावई म्हणजे देव पावल्यासारखं झालं. ताईची बॅग व्हॅनमध्ये चढली तेव्हा ती आमच्या सगळ्यांच्या बॅगांपेक्षा मोठी होती. आम्ही फिरायला निघालो होतो. ताईला पोचवायला निघालो होतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असून कुणी म्हणत नव्हतं.

चिखलदऱ्यात त्या दिवसांत दरी म्हणून जी असते ती कुणाला दिसत नाही. बाबा प्रत्येक पॉइंटवर उतरायचे, पाटी मोठ्यानं वाचायचे, "येथून दरीचे विहंगम दृश्य दिसते," आणि आम्ही सगळे रांगेनं उभे राहून त्या पांढऱ्याकडे बघायचो. मग रबडी खायची. आत्याचा जीव त्या रबडीत. दात नव्हते, पण रबडीला दात लागतात कुठं?

लॉजच्या खोल्या ओलसर होत्या. गाद्यांना बुरशीचा वास. जिजाजींनी दोन खोल्या घेतल्या, एक आम्हा चौघांना आणि एक त्या दोघांना. पहिल्या दिवशी संध्याकाळी ताई आमच्या खोलीत येऊन बसली आणि मला म्हणाली, "मंजू, आज माझ्याजवळ झोपतेस?"

"आणि जिजाजी?"

"ते बाबांबरोबर झोपतील. तू म्हण ना, की तुला भीती वाटते म्हणून."

"मला कसली भीती वाटते?" मी म्हणाले. तेवढ्यात जिजाजी दारात आले आणि हसून म्हणाले, "काय खलबतं चाललीत बहिणीबहिणींची? शर्वरी, माझा टॉवेल कुठं ठेवलास?" टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता. ताई उठून त्यांच्या मागं गेली.

माणूस चारचौघांत वाईट वागला असता तर किती सोपं झालं असतं. ते ताईला मक्याचं कणीस स्वतः सोलून, लिंबू-मीठ लावून द्यायचे. तिची शाल नीट करायचे. कुठली साडी नेसायची ते सांगायचे. आई मला कानात म्हणायची, "बघ, किती जपतात." आणि ताई ते कणीस एकेक दाणा करून, संपेपर्यंत खायची, कारण ते उरलेलं जिजाजींना चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात आत्या ताईची वेणी घालायला बसली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, गोदाआत्या. लवकर विधवा झाली आणि दर्यापूरहून आमच्याकडे आली ती आमचीच झाली. तोंडाची फटकळ, तपकीर ओढायची, आणि अमरावतीसारख्या शहरात एवढी वर्षं राहूनही बोलणं पक्कं वऱ्हाडी. मी कठड्यावर बसून माकडं मोजत होते. आत्याची फणी मानेपाशी आली आणि थांबली.

"हे काय होय वो?"

"कोंडा झालाय आत्या."

"कोंड्यानं असे केस जातेत?"

मी वाकून पाहिलं. मानेच्या वर, जिथं अंबाडा झाकतो तिथं, रुपयाएवढी जागा गुळगुळीत होती. बाजूला दुसरी होती, तिथं बारीक खुंट उगवत होते.

"जातात," ताई म्हणाली.

आत्याचं बोट त्या जागेवरून फिरलं. तिनं फणी बाजूला ठेवली, बोटांनीच केस सोडवले आणि वेणी इतकी सैल घातली की घटकेत सुटावी. मी काहीतरी विचारणार होते, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत माकडांकडं वळले.

त्या दिवशी जेवताना विषय निघाला तो बाबांमुळे. लॉजच्या आचाऱ्यानं त्यांना भीमकुंडाची गोष्ट सांगितली होती आणि बाबांना ती कधी एकदा आम्हाला सांगतो असं झालं होतं. चिखलदऱ्याला आलेल्या प्रत्येकाला ती कुणीतरी सांगतंच. पूर्वी कुणी एक मस्तवाल माणूस परक्या बाईवर हात टाकायला गेला, तर तिच्या नवऱ्यानं त्याला मारून या दरीत फेकलं आणि कुंडात हात धुतले.

"चांगला नवरा होता," आत्या भात कालवत म्हणाली. "आन नवराच हात टाकत असीन, त बाईनं कोणाले बोलवाव?"

आई ठसकली. बाबा म्हणाले, "अक्का, जेवताना काहीही काय बोलून राहिली?"

जिजाजी हसले. त्यांना राग असा आलाच नाही. "आत्या, तुमच्याकडं बऱ्याच गोष्टी दिसतात. एखादी भुताची सांगा ना. धुकंही आहे."

"भुताची नाही, चकव्याची सांगतो. आयका." आत्यानं बोटं चाटली. "जंगलात, असल्या धुईत, कोणी नावानं हाक मारली त पैल्या हाकेले ओ द्याची नाही. दुसरीलेही नाही. चकवा दोनच हाका मारते. ओ देली का तो माणसाले आपल्या मांग नेते. माणूस असीन त तिसरी मारीन. तिसरीले ओ द्याची."

"बाप रे! म्हणजे मी बायकोला बोलवायचं तर तीन-तीनदा घसा फोडू?" जिजाजी म्हणाले. "आमच्या शर्वरीला एक पुरते. काय गं?"

"हो," ताई म्हणाली.

"मायं काय जाते," आत्या म्हणाली. "मी आपलं सांगून ठेवलं."

शेवटच्या दिवशी दुपारी सामान व्हॅनमध्ये भरलं. ताईची मोठी बॅग आधी, तिच्यावर आमच्या. वाटेत एक पॉइंट राहिला होता. नाव सांगत नाही, तिथं आता लोखंडी कठडा आहे आणि खेळण्यांची दुकानं आहेत. तेव्हा रस्त्यालगत चहाची एक टपरी, पलीकडं उतरता गवताळ माळ, आणि माळ संपला की दरी. कुठं संपला ते धुक्यात कळायचं नाही.

आई-बाबा टपरीत चहा सांगून बसले. जिजाजींनी कॅमेरा काढला.

"जरा उघडल्यासारखं वाटतंय. शर्वरी, चल. कड्याशी उभी राहा, एक फोटो घेतो."

"नको ना. मला भीती वाटते."

"कशाची? कड्याची की माझी?" ते हसत म्हणाले.

ताई हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, टपरीकडं बघत होती. मला अजून तो चेहरा आठवतो. बस लागली, आता चढावंच लागणार, असा चेहरा. मी म्हणाले, "जिजाजी, मी येते, माझा काढा." ते म्हणाले, "तुझा नंतर."

तेवढ्यात आत्या पुढं झाली आणि तिनं ताईचा हात धरला. "माये गुडघे धरले. तिचा आधार पायजे मले. तुम्ही जा, पाहून या."

जिजाजी क्षणभर आत्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. मी पुढं जाऊन बघतो. दरी दिसली की हाक मारतो." आणि ताईच्या जवळ येऊन, मला ऐकू जाईल इतपतच, "लगेच यायचं. लगेच."

ते माळावरून उतरत गेले. आधी पाय दिसेनासे झाले, मग निळा स्वेटर. आम्ही तिघी एका मोठ्या दगडापाशी उभ्या राहिलो. खाली कुठंतरी पाण्याचा आवाज होता. आत्यानं तपकिरीची डबी काढली, परत ठेवली. ताईचा हात तिनं सोडला नाही.

"आत्या," ताई म्हणाली, "मला आज नेऊ देऊ नका. बाबांना सांगा तुम्ही. तुमचं ऐकतील."

"रातीच सांगतलं त्याले. नाही आयकला."

"काय म्हणाले?"

"म्हणे, आपल्याकडून तुटू द्याचं नाही." आत्यानं नाक पुसलं. "मोठा आला जोडनारा."

मला रडू आलं. ताईला नाही आलं. ती म्हणाली, "मग राहू द्या," आणि तेवढ्यात हाक आली.

"शर्वरी!"

स्वच्छ, खणखणीत. ताईचं सगळं अंग त्या हाकेसरशी पुढं गेलं. पाऊल उचललं, तोंड उघडलं. आत्यानं तिचं मनगट आवळून मागं ओढलं.

"थांब."

"आत्या, ते रागावतील."

"तिसरी येऊ दे."

"अगं आत्या, जिजाजीच आहेत ते!" मी म्हणाले. "चकवा कुठला आलाय भरदिवसा!"

"तू गप राय."

धुकं अजून दाट झालं. पाच पावलांवरचं गवत दिसेना. दुसरी हाक आली ती निराळ्याच बाजूनं, डावीकडून आणि जरा खालून. "शर्वरी! ए शर्वरी!" आवाज चिडलेला नव्हता. चढलेला होता, शेवटाला फाटल्यासारखा. मला तेव्हा वाटलं की वाऱ्यानं तसा येतोय.

"जाऊ द्या मला," ताई म्हणाली. पण तिनं हात ओढला नाही, आणि आत्यानं सोडला नाही. आत्याचे डोळे मिटलेले होते. मी पहिल्यांदाच तिला घाबरले. ओरडायला तोंड उघडलं तर तिनं डोळे न उघडता दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला. त्या हाताला तपकिरीचा वास होता.

मग नुसतं पाणी वाजत राहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मध्येच खालून काहीतरी बारीक, लांबट ओरडलं. टिटवी असावी. पुन्हा पाणी.

आत्यानं डोळे उघडले. ताईचं मनगट सोडलं, दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून नीट घेतला. ताईच्या मनगटावर बोटांचे वळ उमटले होते. ती समोर धुक्याकडं बघत होती, मान ताठ, व्हॅनच्या खिडकीतून बघत होती तशी.

"दोनच झाल्या," मी म्हणाले. "आता?"

"आता काय," आत्या म्हणाली. "चाला, चाय पिऊ."

टपरीत आईनं विचारलं, "जावईबापू कुठी?" मी म्हणाले, "येतायत." चहा झाला. कणसं झाली. बाबांनी घड्याळ बघितलं, रस्त्याच्या कडेला जाऊन हाका मारल्या, "उपेंद्रराऽव! उपेंद्रराऽव!" मग चहावाला उठला. मग अंधार पडायच्या आत गावातली माणसं आली, दोर आले, वनखात्याची जीप आली. आम्हाला लॉजवर परत पाठवलं. ताईची मोठी बॅग कुणीतरी परत खोलीत आणून ठेवली.

सकाळी सापडले. फार खोल नव्हते, पहिल्याच कपारीत होते, पण उपयोग नव्हता. चिखलातल्या पायखुणांवरून सगळं कळलं. ते कड्यापर्यंत गेले होते, परत फिरले होते, आणि धुक्यात दिशा चुकून पुन्हा कड्याकडं वळले होते. काही अंतर तर ते नुसते गोल फिरत होते. रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर होता. फौजदारानं विचारलं, "हाक मारली नाही का त्यांनी कुणाला?"

आत्या पुढं झाली. "मारली. दोन खेपा. मी पोरीईले ओ देऊ देली नाही. मले वाटलं चकवा होय."

फौजदारानं लिहिणं थांबवून तिच्याकडं बघितलं. "अहो आजी," तो म्हणाला, आणि त्यानं वही मिटली. म्हातारीच्या अडाणीपणाला कलम कुठलं लावणार?

आई मात्र आत्यावर तुटून पडली. लॉजच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. "तुमच्या चकव्यानं माझ्या पोरीचं कुंकू पुसलं! एक ओ, एक ओ दिली असती तर वाचला असता माणूस!" आत्या खाली मान घालून उभी होती. बाबांनी तोंड फिरवलं. ताई आतल्या खोलीत झोपली होती. सकाळपासून झोपली होती, गाढ, तोंड उघडं टाकून, आणि कुणी उठवलं तरी उठत नव्हती.

त्या दिवसापासून आत्या आमच्या घरात गुन्हेगार झाली. बाबा तिच्याशी कामापुरतं बोलायचे. आई ताट वाढायची, पण समोर सरकवायची नाही, ठेवून निघून जायची. पाहुणे यायचे आणि 'याच का त्या' अशा नजरेनं बघायचे. आत्यानं कुणाला उत्तर दिलं नाही. एवढी फटकळ बाई, पण त्या एका विषयावर तिचं तोंड शिवल्यासारखं झालं. रबडी सोडली ती सोडलीच. मला तिचा राग यायचा आणि तिची कीवही यायची, आणि कधीकधी मला वाटायचं की तपकिरीच्या वासाचा तो हात अजून माझ्या तोंडावर आहे.

ताई नागपूरला परत गेली नाही. बी.एड. केलं, अमरावतीतच शाळेत लागली. शाळेच्या दाखल्यावरचं जुनंच नाव सगळीकडं चालू राहिलं. मोकळी हसायला लागायला तिला बराच काळ लागला. माझ्या लग्नात तांदळाचं ताट आलं, तेव्हा तिनं ते उचललं आणि आत नेऊन डब्यात रिकामं केलं. गुरुजी बघत राहिले. माझं नाव मंजूच राहिलं.

गेल्या वर्षी आत्या गेली. नव्वदीच्या आसपास होती. शेवटी ताईनंच सगळं केलं, भरवलं, धुतलं, पुसलं. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि आम्ही दोघी आत्याची खोली आवरायला बसलो. आई बाहेर पलंगावर पडली होती. तिला आता दिसत नाही फारसं.

पातळांच्या घड्या घालता घालता ताई म्हणाली, "मंजू, त्या दिवशी हाका किती आल्या होत्या?"

इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नव्हतो. पण कुठला दिवस, ते मला विचारावं लागलं नाही.

"दोन," मी म्हणाले.

"तीन."

"दोनच गं. मग ती टिटवी..."

"टिटवी नव्हती ती." ताईनं घडी मांडीवर ठेवली. "कुमुद म्हणाला तो. खालून. शर्वरी ओ देईना, तर 'कुमुद' म्हणून हाक मारली त्यानं."

माझ्या हातातली घडी मोडली. ती मात्र भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

"लग्नानंतर पहिल्या महिन्यात तो आतल्या खोलीतून हाक मारायचा. 'कुमुद.' मी ओ दिली की बाहेर यायचा आणि केस धरायचा. म्हणायचा, या घरात कुमुद कुणी राहत नाही. मी कामात असताना हाक मारायचा, झोपेत असताना मारायचा. एकदा भर बाजारात मारली. मी वळले. घरी आल्यावर..." तिनं घडीवरून हात फिरवला. "मग मी शिकले. तुम्ही व्हॅनमध्ये हसलात ना, ते त्यानं शिकवलेलं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी ती हाक आली. शर्वरी म्हणून आली असती, तर मी आत्याचा हात झिडकारून धावले असते, मंजू. खरंच धावले असते. पण कुमुद म्हणून आली, आणि माझी मानच वळली नाही. मी ठरवून गप्प बसले असं नाही सांगता येत. ठरवलं नव्हतं असंही नाही सांगता येत. ज्या कुमुदनं ओ द्यायला हवी होती, ती घरातच नव्हती."

मला एकदम आत्या आठवली, व्हरांड्यात खाली मान घालून उभी असलेली. आणि माझा संताप झाला. "अगं मग तिला सांगायचंस! तिसरी आली होती हे तिला सांगायचंस ना! म्हातारीनं आयुष्यभर स्वतःच्या डोक्यावर घेतलं ते. आईनं तिला घास गोड लागू दिला नाही, आणि तू..."

"सांगितलं."

"कधी?"

"दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी. पाय चेपत होते. म्हटलं आत्या, तुमच्या माथी नाही हे. तिसरी हाक आली होती, ती फक्त मला ऐकू आली."

"काय म्हणाली?"

ताई हसली, आणि तिचे डोळे भरून आले. आत्याच्याच आवाजात म्हणाली, "'मले का बहिरी समजतं का तू? आयकू आली होती मले. म्हणून त सोडला होता तुया हात.'"

मी आत्याचं पातळ हातात धरून तशीच बसले. ते दोन्ही हातांनी डोक्यावरून पदर घेणं. ते 'चाला, चाय पिऊ.' माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं सगळं, आणि इतकी वर्षं मी त्याला अडाणीपणा म्हणत आले होते.

"आईला सांगायचं?" मी विचारलं.

"आत्यानं नको म्हटलं. म्हणाली, तिले मायावर रागावू दे, सोपं जाते तिले."

बाहेरच्या खोलीत पलंग करकरला. आईला तहान लागली असावी. तिचा आवाज आता पूर्वीसारखा मोठा राहिला नाही, दारापर्यंतही धड पोचत नाही.

"कुमुद," आईनं हाक मारली.

"ओ," ताई म्हणाली, पहिल्याच हाकेला, आणि पातळं बाजूला सारून उठली.